सोळा दिवसांत चारशे घरं

१६ जून, सोमवार. पोलादपूर

डायरी लिहायची ही माझी तिसरी खेप. आधीच्या दोन्ही वेळा एक जानेवारीला सुरुवात केली आणि संक्रांतीपर्यंत गाडं अडलं. या वेळी मुहूर्तच पाहिला नाही, म्हणजे मोडायची भीती नाही.

आमच्या मेडिकल कॉलेजचं ग्रामीण केंद्र इथे आहे आणि मी त्याचा प्रमुख. प्रमुख म्हणजे दोन खोल्या, एक तपासणीचं टेबल, कोपऱ्यात गळणारं छप्पर आणि दर तीन महिन्यांनी बदलणारी इंटर्न पोरं, यांचा प्रमुख. ही पोरं डॉक्टरकीची शेवटची परीक्षा पास झालेली असतात, पण वर्षभर उमेदवारी केल्याशिवाय त्यांना स्वतःच्या सहीने औषध लिहिता येत नाही. त्यातले तीन महिने ती माझ्या गळ्यात पडतात, किंवा मी त्यांच्या.

आज डीनसाहेबांचा फोन आला. "शेट्ये, विद्यार्थ्यांना संशोधनाची गोडी लावा." एकतीस जुलैपर्यंत विद्यार्थी परिषदेसाठी एक निबंध हवा आहे. तो चांगला निघाला तर कॉलेजात विद्यार्थी संशोधन कक्ष सुरू होणार आणि त्याचा प्रमुख मी. निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. बत्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्या नावाची पाटी फक्त आमच्या पेणच्या घरावर लागली, तीही बायकोने, राजश्रीने लावली. जाता जाता कॉलेजात एक पाटी लागावी असं मला फार वाटतं. हे कोणापाशी बोलत नाही, इथे लिहितो.

दुपारी चौघा इंटर्नना समोर बसवलं. संशोधन म्हटल्याबरोबर चौघांची तोंडं एरंडेल प्यायल्यासारखी झाली. यांचा जीव पुढच्या प्रवेशपरीक्षेत. मांडीवर मोबाईल आणि त्यात कुठल्या तरी सरांचं लेक्चर चालू. मग मी माझा हुकमी पत्ता काढला. म्हटलं, "मी माझ्या प्रबंधासाठी सोळा दिवसांत चारशे घरं केली होती. पावसात, पायी. आणि तुम्हाला एक वाडी जड जाते?"

रितेश नावाच्या मुलाने चटकन मान वर केली आणि माझ्याकडे बघत राहिला. मनातल्या मनात काहीतरी मोजत असावा. वाटलं, एक तरी मासा गळाला लागला.

१९ जून, गुरुवार

चौघांतले दोघे गळाले. श्रुतिकाने परीक्षेचं कारण दिलं, सुशांतने कारण द्यायचीही तसदी घेतली नाही. उरले रितेश आणि झोया. रितेश मुंबईचा, चुणचुणीत, बूट पांढरेशुभ्र. झोया इथलीच, महाडची. वडील टेम्पो चालवतात, ही रोज महाडहून एसटीने येते आणि दहा मिनिटं उशिरा पोचते. बोलते कमी, प्रश्न फार विचारते.

विषय ठरला. दरवर्षी भातलावणीत इथे लेप्टोचे चार-सहा रुग्ण येतातच. उंदरांच्या मुतातले जंतू चिखलात उतरतात आणि अनवाणी पायांच्या चिरांतून अंगात शिरतात. आठवड्यातून एकदा ठरावीक गोळ्यांचा डोस, असे सहा आठवडे घेतले तर धोका पुष्कळ कमी होतो. आमचा प्रश्न एवढाच: बायका सहाही आठवडे गोळी घेतात का?

संध्याकाळी राजश्रीला फोनवर सगळं सांगितलं. सोळा दिवसांचा किस्सा पोरांना ऐकवल्याचंही सांगितलं. ती म्हणाली, "ते सोळा दिवस होय? आठवतात ना. कॅन्टीनचा चहा पिऊन पिऊन मला पित्त झालं होतं." आणि कितीतरी वेळ हसत राहिली. तिला जुनं उकरून काढायची सवयच आहे.

२३ जून, सोमवार

आज माळाच्या वाडीत पाकिटं वाटली. एकशे वीस घरं, पाकिटं साठ. म्हणून शास्त्राप्रमाणे एक घर सोडून एक. तीस घरं रितेशकडे, तीस झोयाकडे. एका पाकिटात एका बाईचे सहा आठवड्यांचे सहा डोस. पोटुशी बाई असेल तर गोळी द्यायची नाही, हे झोयाने प्रत्येक दारात दोनदा सांगितलं, त्यामुळे एक तास जादा गेला.

आवडी नावाची एक बाई पाकीट उलटंसुलटं करत म्हणाली, "आन् मधल्या घरांनी काय पाप केलंय वो डाक्टर?"

म्हटलं, "पाप नाही आवडीताई, ही शास्त्राची पद्धत असते."

"आसंल," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हसली. खेड्यातल्या लोकांना पद्धत समजावणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

१ जुलै, मंगळवार

दर सोमवारी इंटर्नने घरोघरी जायचं, बाई भेटली का, गोळी घेतली का, काही त्रास झाला का, हे फॉर्मवर लिहायचं आणि मंगळवारी फॉर्म माझ्या टेबलावर ठेवायचे. आज कालचे आले.

रितेशचे तीस फॉर्म पाहून डोळे निवले. एकच निळं पेन, एकही खाडाखोड नाही, तीसपैकी तीस बायका घरी भेटलेल्या, तिसांनीही गोळी घेतलेली. काहींची वयं पस्तीस, काहींची चाळीस, काहींची पंचेचाळीस. सगळं कसं सुटसुटीत.

झोयाचे फॉर्म म्हणजे बाजार. कोपरे भिजलेले, एकावर चिखलाचा अख्खा अंगठा. "घरी नाही." "घरी नाही." "घरी नाही, शेतात भेटली." "शेतात भेटली, वय माहीत नाही म्हणते, थोरल्या पुरात मुलगी झाली तेव्हा वीस वर्षांची होती म्हणते." मी विचारलं, "रितेशला सगळ्या घरी भेटतात, तुला का नाही भेटत?"

म्हणाली, "सर, लावणी चालू आहे. अकरा वाजता वाडीत फक्त म्हातारी माणसं आणि कोंबड्या असतात."

"म्हणजे तुझी वेळ चुकते," मी म्हटलं. "रितेशकडून शीक." ती गेल्यावर शिपायाला फरशी पुसायला लावली. पावलापावलाला चिखल.

७ जुलै, सोमवार

सकाळी अकराच्या सुमारास हायवेच्या नाक्यावर काही कामाने गेलो होतो. हॉटेलात कोपऱ्याच्या टेबलावर रितेश बसलेला, समोर फॉर्मचा गठ्ठा. चहाच्या वेळेतही पोराचं काम सुटत नाही! मला पाहून गडबडला, उठून उभा राहिला. मी त्याला बसवलं आणि चहा पाजला. चांगल्या माणसाला संकोच फार असतो.

८ जुलै, मंगळवार

झोयाने आज कहर केला. तीसपैकी बावीस फॉर्मवर लिहिलंय: "गोळी संपली. वाटल्या."

"एकेका बाईला सहा आठवड्यांचं औषध दिलं," मी म्हणालो. "तिसऱ्या आठवड्यात संपेल कसं?"

"सर, त्या म्हणतात सावडीत वाटल्या, एकमेकींच्या शेतात लावणीला जातात त्यांच्यात."

"फॉर्मवर 'वाटल्या' असा पर्याय आहे का?"

"नाही सर."

"हो किंवा नाही, दोनच पर्याय आहेत. पाकीट कुठेतरी कोनाड्यात पडलं असेल, शोधा म्हणावं त्यांना. जा, पुन्हा विचारून ये."

ती जागची हलली नाही. म्हणाली, "सर, त्यांच्याकडे खरंच गोळ्या नाहीत. आपण आणखी मागवू या का? लावणी अजून पंधरा-वीस दिवस चालेल."

मी म्हटलं, "अभ्यास चालू असताना मध्येच गोळ्या वाटल्या तर आकडे बिघडतात." मग तिच्या देखत लाल पेनने बावीसही "संपली" खोडल्या. जरा जास्त बोललो असेन. पण शिस्त लावायला नको का?

१० जुलै, गुरुवार. गुरुपौर्णिमा

रितेशने पेढे आणले, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "सर, तुमच्याकडूनच शिकलो." मला खरोखर भरून आलं. बत्तीस वर्षांत हे वाक्य तीन किंवा चार वेळा कानावर पडलं असेल. झोयानेही शुभेच्छा दिल्या, दारातूनच.

१५ जुलै, मंगळवार

झोयाने संशोधनातून नाव मागे घेतलं. चौथ्या आठवड्याचे फॉर्मही तसेच: संपली, संपली, संपली. मी काही बोलायच्या आत तिने गठ्ठा टेबलावर ठेवला. म्हणाली, "सर, मी जे ऐकलं ते लिहिलं. तुम्हाला जे हवंय ते मला लिहिता येत नाही. मला यातून मोकळं करा." आवाज चढवला नाही. उरलेल्या दिवसांची ओपीडीतली ड्यूटी मागून घेतली, मी दिली.

खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं. तिची तीस घरं रितेशने हसत आपल्या अंगावर घेतली. तरी दुपारभर मन लागेना. ती जाताना तिच्या चपलांकडे लक्ष गेलं. एकीचा पट्टा तुटलेला, सुतळीने बांधलेला.

१९ जुलै, शनिवार

ग्रामीण रुग्णालयात राउंडला गेलो होतो. माळाच्या वाडीच्या गीताबाईंना त्यांचा मुलगा प्रितम रिक्षाने घेऊन आला. पन्नाशीच्या, काटक बाई. दोन दिवस ताप, डोळे लालभडक, पोटऱ्यांना हात लावू देत नाहीत, लघवी कमी झालेली. रक्त तपासायला पाठवलं, पण अहवालाची वाट न बघता लेप्टोचं इंजेक्शन सुरू केलं.

गीताबाईंचं घर आमच्या यादीत आहे. रितेशच्या तिसांपैकी सतरावं. त्याच्या फॉर्मप्रमाणे चारही आठवडे गोळी घेतलेली. मनात आलं, गोळी घेऊनही होतो म्हणायचा. निबंधात एक परिच्छेद यावर टाकता येईल.

२१ जुलै, सोमवार

गीताबाईंचे डोळे पिवळे दिसू लागलेत. सकाळी अकरा वाजता मी त्यांच्या लघवीची नोंद बघत उभा होतो, चोवीस तासांत जेमतेम अर्धा पेला. उद्या मुंबईला हलवायचं. प्रितम पायऱ्यांवर बसून आहे. दर वेळी मी बाहेर आलो की उभा राहतो.

२२ जुलै, मंगळवार

सकाळी गीताबाईंची गाडी मुंबईला गेली.

केंद्रावर आलो तर टेबलावर पाचव्या आठवड्याचे साठ फॉर्म, चौकोनी रचलेले. सहज सतरावा काढला. २१ जुलै. घरी भेट झाली. गोळी घेतली. तक्रार नाही.

पुन्हा वाचला. मग तारीख बघितली. मग भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, जणू त्याचीच चूक असेल. शनिवारपासून गीताबाई माझ्या डोळ्यांसमोर कॉटवर होत्या.

मग सगळे फॉर्म खाली ओतले आणि जमिनीवर बसून पाहिले. तेच निळं पेन. पस्तीस, चाळीस, पंचेचाळीस. एकाही कागदावर पाण्याचा डाग नाही, आणि बाहेर महिनाभर आभाळ फाटलंय. बूट पांढरेशुभ्र. नाक्यावरचं हॉटेल, सकाळचे अकरा. मीच चहा पाजला होता.

नऊ दिवसांनी निबंध पाठवायचा आहे. गीताबाईंचा एक फॉर्म बाजूला काढला तर उरलेले एकोणसाठ कोणी तपासणार नाही. हा विचार माझ्या मनात आला आणि बराच वेळ बसून राहिला, हे मी इथे लिहून ठेवतो.

२३ जुलै, बुधवार

रितेशला बोलावलं. फॉर्म पुढे केला.

"ही बाई परवा कुठे भेटली तुला?"

"घरी, सर."

"किती वाजता?"

"अकराच्या सुमारास."

"अकरा वाजता मी रुग्णालयात तिच्या कॉटशी उभा होतो. शनिवारपासून ती तिथे आहे. तिची किडनी बंद पडत चाललीय, रितेश."

त्याचा चेहरा उतरला. मी खूप बोललो. काय काय बोललो ते आठवत नाही, पण "लाज" हा शब्द तीनदा आला हे आठवतं. तो खाली मान घालून ऐकत होता. माझा दम संपला तेव्हा हळू आवाजात म्हणाला:

"सर, पहिल्या दिवशी तुम्ही सांगितलं होतं, सोळा दिवसांत चारशे घरं. मी तिथे बसल्या बसल्याच हिशेब केला. रोज पंचवीस घरं. एका घराला वीस मिनिटं धरली तरी आठ तास वीस मिनिटं, चालणं वेगळं. पावसात, पायी. होत नाही सर. मला वाटलं, तुम्ही आम्हाला सांगताय की हे असंच करायचं असतं."

तो उद्धटपणे बोलला असता तर बरं झालं असतं. त्याच्या आवाजात उद्धटपणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटलं होतं.

मी त्याला जा म्हणालो.

२५ जुलै, शुक्रवार

सोळा दिवसांत चारशे घरं होत नाहीत.

तीस वर्षं हा किस्सा मी इतक्या वेळा सांगितला की मला तो माझाच पराक्रम वाटायला लागला होता. खरं असं: थोडी घरं केली, मग पाऊस वाढला, मग कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये बसलो. राजश्रीशी तेव्हा नुकतंच लग्न ठरलं होतं. ती समोर बसून नावं सुचवायची, मी वयं टाकायचो. पस्तीस, चाळीस, पंचेचाळीस. गंमत वाटायची. माझ्या सरांनी फॉर्म चाळले, "आकडे सुबक आहेत" म्हणाले आणि सही केली. त्यांना कळलं नसेल? कळलंच असेल. त्यांनीही कुठेतरी असंच केलं असेल.

खऱ्या घरांचा आकडा मला अजून पाठ आहे. इथे लिहायला हात होत नाही. शेवटच्या खऱ्या घरातल्या बाईने विचारलं होतं, "तुमी पुन्यांदा येनार ना?" मी हो म्हणालो होतो.

आणि झोयाने आठ जुलैला सांगितलं होतं. तोंडाने सांगितलं, कागदावर लिहून दिलं, गोळ्या मागितल्या. मी लाल पेनने खोडलं. त्यानंतर दहाव्या दिवशी गीताबाईंना ताप आला. रितेशने खोटं लिहिलं हे खरं, पण जे खरं लिहिलं होतं ते मी खोडलं. दोघांत थोरला गुन्हेगार कोण हे ठरवायला मला कमिटी नको.

दुपारी प्राथमिक आरोग्य केंद्रात फोन केला. लावणीसाठी गोळ्या हव्यात म्हटलं. "किती पाठवू?" एवढंच विचारलं त्यांनी. मागायचंच राहिलं होतं.

२६ जुलै, शनिवार. महाड

झोयाच्या घरी गेलो. पुराची रेघ भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर आहे. तिच्या आईने, जहांआराबाईंनी, घड्याळ मुद्दाम त्या रेघेच्याही वर टांगलंय. वडील इनायतभाई वीरला स्टेशनवर माल उतरवायला गेले होते. झोया जाड पुस्तक घेऊन बसली होती. मला पाहून उठली, पण या म्हणाली नाही.

जहांआराबाईच म्हणाल्या, "बसा ना सर. चहा टाकते." आणि आत जाता जाता, "महिनाभर रोज चिखल घेऊन यायची घरी. मी म्हटलं, डॉक्टर झालीस का शेतावर लागलीस?"

मी जे सांगायचं ते सांगितलं. गीताबाईंचं, रितेशचं, माझ्या लाल पेनचं. माझ्या प्रबंधाचं नाही सांगितलं. तेवढी हिंमत झाली नाही.

झोया म्हणाली, "सर, मी मावश्यांना सांगितलं होतं की आणखी गोळ्या आणते. रोज एसटीत बसले की तेच आठवायचं. म्हणून सोडलं. फॉर्मसाठी नाही सोडलं."

मी म्हटलं, "गोळ्या आल्या आहेत. सोमवारी वाटायच्या. पण तुझ्याशिवाय मला ती वाडी कळणार नाही."

ती पुस्तकाचा कोपरा मुडपत राहिली. मग म्हणाली, "एक घर सोडून एक नाही. सगळ्यांना."

"सगळ्यांना," मी म्हणालो.

२८ जुलै, सोमवार

आयुष्यात पहिल्यांदा खाचरात उतरलो. पँट गुडघ्यापर्यंत, डोक्यावर इरलं नाही, छत्री उलटी झालेली. बायका वाकून रोपं लावत होत्या आणि मला बघून खुसुखुसू हसत होत्या. झोया बांधावरून अशी चालत गेली की जणू कॉलेजचा कॉरिडॉर. रितेशही आला होता. मी बोलावलं नव्हतं. पांढरे बूट हातात घेऊन बांधावर उभा होता.

आवडीताई कंबर सरळ करत म्हणाल्या, "बरा येळ गावला डाक्टर आज."

मी विचारलं, "गोळ्या कशा वाटल्यात ते मला सांगा."

"त्यात काय सांगायचा? आमी नऊ जनी सावडीत. आज माज्या शेतात, उद्या गीताच्या, परवा हिच्या. पाकिटं आली तीन घरांत. आता चिकल काय बगून चावतो काय, हिच्याकडं पाकीट हाय नि तिच्याकडं नाय? म्हून सगळी पाकिटं एकत्र केली. सारिका पोटुशी हाय, तिला नाय दिली, या पोरीनं बजावलेलं. आठ जनींनी दोन-दोन सोमवार घेतली. उरली दोन सोमवारची, ती रामाला. नांगर धरतो, कंबरभर चिकलात तो आमच्या आदी उतरतो."

रामा पलीकडे बैल सोडत होता. माझ्या सगळ्या योजनेत रामा कुठेच नव्हता. मी फक्त बायका धरल्या होत्या.

"मग संपल्यावर सांगितलं का नाही?" मी विचारलं. विचारताच कळलं की गाढवपणा केला.

आवडीताईंनी झोयाकडे बोट दाखवलं. "हिला सांगितला की. तुमी हिला इचारला नाय?"

मग झोयाने पिशवी उघडली आणि रितेशला म्हणाली, "तू त्या बाजूने वाट." त्याने बूट बांधावर ठेवले आणि चिखलात पाय घातला.

३१ जुलै, गुरुवार

निबंध पाठवला. झोयाची तीस घरं, पाच आठवड्यांपैकी तिने पाहिलेले चार, तिच्या अक्षरातले सगळे "वाटल्या" सकट. मी खोडलेलं तिने खालून पुन्हा लिहून काढलं. पहिलं नाव तिचं. निष्कर्ष एवढाच की जिथे सावड आहे तिथे एका घराला गोळी देणं म्हणजे सगळ्यांना निम्म्याहून कमी देणं. उरलेल्या तीस घरांबद्दल लिहिलं: माहिती खोटी भरली गेली, म्हणून वगळली, जबाबदारी मार्गदर्शकाची.

डीनसाहेबांचा फोन तासाभरात. "शेट्ये, हे शेवटचं वाक्य काढा हो. आणि तीस घरं म्हणजे काय संशोधन?"

म्हटलं, "साहेब, तेवढीच झाली."

"बघतो," म्हणाले. त्यांच्या बघतोचा अर्थ मला ठाऊक आहे. पाटीचं राहिलं. वाईट वाटलं, वाटत नाही म्हणून कशाला लिहू?

१७ ऑगस्ट, रविवार

गीताबाई घरी आल्या. मुंबईत चार वेळा डायलिसिस झालं, आता किडन्या मार्गावर आहेत. अंगाने निम्म्या झाल्यात, पण बसून बोलतात.

मी, झोया आणि रितेश भेटायला गेलो. रितेशच्या हातात कोरा फॉर्म होता. त्याने स्वतः आणला होता. घडीच्या खुर्चीवर न बसता तो जमिनीवर त्यांच्यासमोर बसला.

"मावशी, तुम्ही किती गोळ्या घेतल्या होत्या?"

"दोन सोमवार. बाकी सावडीत गेली." मग त्याच्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "तूच ना रे तो? पाकीट दिलास नि गेलास, परत आलाच नायस. मी परत्येक सोमवारी वाट बगायची. म्हटला, पोरगा येईल, त्याला सांगू संपली म्हून."

रितेशने सगळं लिहिलं. "वाट बघायची" हेही लिहिलं, फॉर्मच्या कडेला, बारीक अक्षरात. त्याचं पेन मध्येच थांबलं तेव्हा गीताबाई म्हणाल्या, "रडतोस कशाला? मी हाय ना जिती. प्रितम, याला चाय दे."

परतताना एसटीत झोयाने त्याला खिडकीची जागा दिली.

१५ सप्टेंबर, सोमवार

परिषदेने निबंध व्यासपीठावर घेतला नाही. कॉरिडॉरमध्ये भिंतीवर लावायला परवानगी दिली, जिन्याखाली. झोया जाऊन आली. म्हणाली, दोघांनी थांबून वाचला, एकाने आवडीताईंचा पत्ता विचारला.

आज नवी तुकडी आली, सहा जणं. झोया आणि रितेशचे तीन महिने संपलेत, पण वाडी दाखवायला दोघं मुद्दाम थांबले. श्रुतिकाही मागे येऊन बसली. मी भाषण केलं नाही. झोयाला म्हटलं, तू सांग. तिने चिखलाचा अंगठा उमटलेला फॉर्म सगळ्यांच्या हातून फिरवला आणि विचारलं, "यावरून काय काय कळतं?" दहा मिनिटांनी पोरं आपसात भांडत होती. मोबाईल खिशात होते.

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका मुलीने माझ्याकडे वळून विचारलं, "सर, तुमच्या प्रबंधात किती घरं होती?"

उत्तर जिभेवर तयारच होतं, तीस वर्षांचं घोटलेलं.

"एकेचाळीस," मी म्हणालो. "छापलंय चारशे. उरलेली तीनशे एकोणसाठ मी कॅन्टीनमध्ये बसून भरली."

मागच्या बाकावर रितेशने मान वर केली, जूनमध्ये केली होती तशीच. या वेळी त्याला हिशेब करावा लागला नाही.